तडा, पडझड आणि खिळखिळे घर

इंग्रजीतले 'डॅमेज' आणि 'डिस्ट्रॉय' हे दोन्ही शब्द आपण 'नुकसान' म्हणून उरकतो. पण दोहोंत अंतर आहे. डॅमेज झालेले दुरुस्त होते. डिस्ट्रॉय झालेले उरतच नाही. 'डिमॉलिश'मागे तर माणसाचा हेतू असतो: बेकायदा इमारत पालिका डिमॉलिश करते, भूकंप नव्हे.

हा काथ्याकूट केवळ कोशकारांसाठी नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. १९९३ मधल्या किल्लारीसारखी गावे जमीनदोस्त झाली नाहीत. धुंदलवाडी परिसरात भिंतींना तडे गेले. सरकारी मदतीचे निकष मात्र शब्दांवर चालतात. पूर्ण पडलेल्या घराला एक दर, अंशतः पडलेल्याला दुसरा. आणि 'अंशतः' ठरायलाही किमान १५ टक्के नुकसान लागते. धक्क्यागणिक केसभर रुंदावणारी भेग या मापात कशी बसवायची?

इंग्रजीत त्याला 'रुइन' म्हणता येईल: वस्तू दिसते, पण कामाची राहत नाही. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे, 'खिळखिळे'. ऐन थंडीत माणसे भिंतींच्या धास्तीने तंबूत झोपली, तेव्हा घरे उभीच होती. निवारा तेवढा गेला होता.

पंचनाम्यात 'पूर्ण' आणि 'अंशतः' यांच्या शेजारी 'खिळखिळे' असा तिसरा रकाना हवा. ज्या हानीला कागदावर नाव नाही, तिची भरपाई कोण देणार?