लिलियन गिश संपली नव्हती



मूकपटांच्या नायिकांवरील गेल्या अंकातील लेखात, बोलपट आले आणि लिलियन गिशची कारकीर्द संपली, असे ठोकून दिले आहे. हे साफ चूक. मुळात ती रंगभूमीचीच लेक. लहानपणी फिरत्या नाटक कंपन्यांतून कामे करत वाढली आणि १९१२ साली बहीण डोरोथीसह दिग्दर्शक ग्रिफिथच्या कॅमेऱ्यापुढे आली. तिला आवाजाची धास्ती कशाला वाटावी? १९३० मध्ये ती ब्रॉडवेवर चेखॉव्हच्या 'अंकल वान्या'त होती. १९३६ मध्ये अभिनेता गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ऑफेलिया, तीही चाळिशी उलटल्यावर!

तिच्या 'वे डाउन ईस्ट' या मूकपटातला वाहत्या बर्फाच्या लाद्यांचा प्रसंग लेखकाने छान रंगवला आहे. पण 'द नाइट ऑफ द हंटर'मध्ये (१९५५) तिने साकारलेली, बंदूक घेऊन पोरांची राखण करत बसलेली म्हातारी ते कशी विसरले? मला तर तीच जास्त आठवते. तिचा अखेरचा चित्रपट 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट' १९८७चा, म्हणजे पहिल्यानंतर तब्बल ७५ वर्षांनी आलेला.

पुढील अंकात एवढी दुरुस्ती जरूर छापावी.

– एक वाचक, सातारा