अ‍ॅनाटमी घोकायची, फिजिऑलॉजी समजायची : एक फसवी वाटणी

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला हॉस्टेलवर सीनियरकडून गुरुमंत्र मिळतो : अ‍ॅनाटमी घोकायची, फिजिऑलॉजी समजून घ्यायची. चौरसियांच्या पाठ्यपुस्तकाचे खंड आणि हाताळून पिवळा पडलेला बोन सेट ताब्यात देताना हे हमखास ऐकवलं जातं. वाटणीत निकालही आलाच. एक विषय हमालीचा, दुसरा बुद्धीचा. हल्ली त्याला पुस्ती जोडतात : घोकायचं ते सगळं मोबाईलमध्ये आहे, मग पोरांचं वर्ष कशाला खर्ची घालता?

या म्हणण्याला आधार नाही असं नाही. स्पॉटिंगच्या परीक्षेत टाचणी लावलेल्या स्नायूचं नाव लिहायचं आणि घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचं. वैद्यकीय शिक्षणाच्या 1997च्या नियमांनी एमबीबीएसचा दीड वर्षाचा पहिला टप्पा वर्षावर आणला. पुस्तकं काही त्या हिशेबाने बारीक झाली नाहीत. घोकंपट्टी होते, कबूल. पण ती विषयाच्या अंगचीच आहे, हे कबूल नाही.

फिजिऑलॉजीचा पाया ज्याने घातला असं आपण मानतो, तो विल्यम हार्वे मुळात शरीर फाडून पाहणारा माणूस. इटलीत पाडुआला त्याचे गुरू फॅब्रिसियस यांनी नीलांमधल्या झडपा 1603 साली चित्रांसह छापल्या. झडपा त्यांनी पाहिल्या, नीट काढल्या, पण रक्त हातापायांत साचू नये म्हणून त्या आहेत, एवढ्यावर थांबले. हार्वेने त्याच झडपांचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे विचारलं. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराखालची फुगलेली नीला पाहायची, तिच्यावरच्या गाठीसारख्या उंचवट्यावरून बोटाने रक्त बोटांच्या दिशेने ढकलायचं. ते जात नाही. वाचकानेही करून पाहावं, खर्च शून्य. 1628च्या पुस्तकात रक्ताभिसरण उभं राहिलं त्यात या झडपांचा मोठा वाटा आहे. धमन्यांतून नीलांमध्ये रक्त नेणाऱ्या केशवाहिन्या हार्वेला दिसल्याच नाहीत. इटालियन शरीरशास्त्रज्ञ मालपिगीने त्या बेडकाच्या फुप्फुसात 1661 साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या, तेव्हा हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे क्रियेचा सिद्धांत रचनेवरून मांडला गेला आणि रचनेनेच पुरा केला. यात हमाली कुठली आणि बुद्धी कुठली, ते वाटणी करणाऱ्यांनी सांगावं.

इतकं लांबही जायला नको. मनगटातली आठ हाडं लक्षात ठेवायला एका सुंदर मुलीवर रचलेलं चावट इंग्रजी वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. ते म्हणता येणाऱ्याला स्कॅफॉइड हे पहिलं नाव येतं. पण या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं, हे व्यवहारात काय करतं पाहा. मोटारसायकलवरून पडलेला तरुण हाताचा तळवा टेकतो, स्कॅफॉइड कंबरेत मोडतं आणि कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तसं झालं तर तुकडा जगत नाही, हाड जुळत नाही, मनगट कायमचं दुखतं. वाईट भाग असा की पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत ही मोड अनेकदा दिसतच नाही. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखलं, तर एक्स-रे स्वच्छ असूनही जाणता डॉक्टर हात आधारात बांधतो आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला लावतो. रक्तवाहिनी हाडात कुठून शिरते, ही पुस्तकातली कंटाळवाणी ओळ. तिच्यावर त्या पोराचं मनगट टिकतं.

उलट बाजूही तितकीच पोकळ आहे. फिजिऑलॉजीला पाठांतर लागत नाही म्हणे! हृदयाच्या एका ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त, मिनिटाला बहात्तर ठोके, म्हणून मिनिटाला पाच लिटर. मूत्रपिंडातून दिवसाला गाळलं जातं 180 लिटर आणि बाहेर पडतं दीडेक लिटर. हे आकडे जिभेवर नसले तर समजायचं तरी काय? आणि गरज पडेल तेव्हा लघवी घट्ट कशी होते हे सांगायला मूत्रनलिकेचा वळसा मूत्रपिंडाच्या गाभ्यात किती खोल उतरतो, हे माहीत असावंच लागतं. ती तर अ‍ॅनाटमी झाली.

राहिला मोबाईल. गर्भात हृदयाची सरळ नळी वळून चार कप्पे कसे होतात, हे अ‍ॅनिमेशनवर दिसतं तसं कुठल्याही टेबलावर दिसणार नाही. ते जरूर वापरावं. पण पडद्यावर धमनी लाल, नीला निळी, नर्व्ह पिवळी. फॉर्मालिनमधल्या देहात तिन्ही एकाच मळकट रंगाच्या. बोटांत धरून, दाबून ओळखाव्या लागतात. शिवाय पडद्यावरचा माणूस नेहमी तोच. आपल्या मनगटापुढचा पामॅरिस लाँगस स्नायू कित्येकांना नसतोच. पित्ताशयाची धमनी कुठून निघेल याचा नेम नसतो, आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढणाऱ्या सर्जनला ती ओळखण्यात चूक परवडत नाही. देहदान करणाऱ्यांनी आपल्याला हा वेगळेपणा पाहायला दिला आहे, हे विसरून ‘प्रेत कशाला’ म्हणणं मला तरी उद्धटपणाचं वाटतं.

कोणी म्हणेल, ‘सर्जन होणाऱ्यांना हे लागत असेल, इतरांना काय करायचंय?’ कुल्ल्यात इंजेक्शन देताना वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच सुई का टोचायची, हे नर्सिंगच्या विद्यार्थिनीला विचारा. सायॅटिक नर्व्ह कुठून जाते ते तिला ठाऊक असतं.

तेव्हा बदलायचं ते विषय नव्हे, शिकवणं आणि विचारणं. 2019पासूनच्या अभ्यासक्रमाने विषयांची सांगड घालायला सांगितलं आहे. ती खरी घालायची तर डिसेक्शन टेबलाशी फिजिऑलॉजीच्या शिक्षकाने उभं राहायला हवं, आणि व्हायवात ‘याच्या शाखा सांग’ऐवजी असं विचारायला हवं : दोन वर्षांच्या पोराला शेंगदाणा खाताना ठसका लागला, छातीच्या कुठल्या बाजूला हवा कमी ऐकू येण्याची शक्यता जास्त? उजवा ब्राँकस रुंद, आखूड आणि उभा, म्हणून उजव्या. लांबी अडीच सेंटीमीटर हे सांगायला विद्यार्थी विसरला तरी मार्क द्यावेत. ब्राँकस म्हणजे काय हेच ज्याला आठवत नाही, त्याला मात्र देऊ नयेत.