'की'ची जात काढणाऱ्यांना

गेल्या उन्हाळ्यात पदवीच्या उत्तरपत्रिका तपासत असताना शेजारी बसलेल्या एका सहकाऱ्याची लाल शाई माझ्या नजरेस पडली. विद्यार्थ्याने लिहिले होते, 'लेखकाला असे वाटते की खेडे बदलले आहे.' त्यातील 'की'भोवती वर्तुळ होते आणि समासात शेरा होता: 'फारसी शब्द. टाळावा.' पुढच्याच पानावर त्याच विद्यार्थ्याने लिहिले होते, 'खेडे बदलले म्हणून लेखक सांगतो.' तिथे 'म्हणून'खाली रेघ आणि शेरा: 'बोलीभाषा.' एक शब्द परका म्हणून बाद, दुसरा गावंढळ म्हणून बाद. मग या पोराने एका वाक्याला दुसरे वाक्य जोडायचे तरी कशाने?

हा प्रश्न मी तेव्हा सहकाऱ्यांना विचारला. उत्तर मिळाले ते असे, की शुद्ध मराठीची काही चाड ठेवायला हवी. आता तर ती अभिजात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद मलाही झाला. पण तो दर्जा म्हणजे शब्दांची वंशावळ तपासण्याचा परवाना, असा अर्थ आमच्यापैकी अनेकांनी काढलेला दिसतो. म्हणून या एकाक्षरी शब्दाची बाजू मांडणे भाग आहे.

प्रथम 'की' काय काय करतो ते पाहू. 'तो म्हणाला की येतो' यात तो आशय जोडतो. 'चहा की कॉफी' यात विकल्प देतो. 'मृग बरसला की पेरणी' यात काळ आणि अट एकदमच सांगतो. आणि 'ये की!', 'आहे की!' यात केवळ आग्रह धरतो. ही चारही कामे एकाच मुळातून आली, आणि ते मूळ फारसी, असे मानणारा माणूस एक तर घाईत असतो किंवा रागात.

जुन्या मराठीत हा शब्द 'कीं' असा होता, सानुनासिक. ज्ञानेश्वरीत तो विपुल आहे. विकल्प, उपमा आणि निश्चय अशा अर्थच्छटांनी तो येतो. ज्ञानेश्वरी १२९० सालची. अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी १२९६ची. फारसी ही दरबारची भाषा होण्याआधीच 'कीं' मराठीत नांदत होता. त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार हा संस्कृत 'किम्'मधील 'म्'चा अवशेष. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ते योग्यच झाले. पण 'की'च्या बाबतीत त्याबरोबर घरच्या वंशाचा साक्षीदारही गेला, आणि उरलेला शब्द हिंदीतल्या, फारसीवरून आलेल्या 'कि'सारखा दिसू लागला. आता त्या दिसण्यावरूनच त्याला परका ठरवले जात आहे.

मात्र दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'तो म्हणाला की' या रचनेत फारसीचा हात नाही, असे मी म्हणणार नाही. जुन्या पत्रांत आणि बखरींत हे काम बहुधा 'जे' करीत असे. तो 'जे' मागे पडून 'की' पुढे सरकला, त्याला शतकानुशतकांच्या फारसी पत्रव्यवहाराने बळ दिले असावे, असे माझे मत आहे. म्हणजे शब्द घरचा आणि त्याच्या चारांपैकी एका कामाचे वळण शेजाऱ्याचे. भाषेत असे सर्रास घडते. आता यातला कोणता 'की' शुद्ध आणि कोणता भ्रष्ट, हे लाल शाईने कसे ठरवायचे?

याहून मोठी गंमत पुढे आहे. फारसी 'कि' तरी कुठून आला? संस्कृत 'किम्' ज्या भारत-युरोपीय प्रश्नवाचक धातूतून आला, त्याच घराण्यातून. लॅटिन 'क्विद्', ग्रीक 'ति', रशियन 'श्तो', इंग्रजी 'व्हॉट' हे त्याच घराण्यातले. युरोपात या घराण्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज 'के', फ्रेंच 'क', इटालियन 'के' हे शब्द लॅटिनमधल्या 'क्विद्', 'क्विआ', 'क्वाम' अशा निरनिराळ्या शब्दांची झीज होऊन, एकमेकांत मिसळून तयार झाले. म्हणून स्पॅनिशमध्ये तोच 'के' कधी 'काय', कधी 'जो', कधी 'पेक्षा' आणि कधी आपल्या 'की'सारखा चालतो. एका अक्षराचे अनेक पूर्वज असू शकतात. उलट इंग्रजीने आशय जोडण्यासाठी प्रश्नवाचकाऐवजी दर्शक सर्वनाम घेतले: 'दॅट', म्हणजे आपल्या 'तद्'चा नातलग. एकाच गरजेसाठी सख्ख्या भाषांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या, आणि त्यातली कोणतीही वाट अशुद्ध ठरली नाही.

आणि ज्यांना शुद्धीकरणाचे आकर्षण आहे, त्यांनी तुर्कस्तानकडे जरूर पाहावे. १९३२ साली तिथे भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्द हजारोंनी हद्दपार केले गेले. तुर्की ही भारत-युरोपीय भाषा नव्हे. तिच्यातला 'कि' निव्वळ फारसीवरून घेतलेला. तरीही तो आजही तुर्कीत आहे. नामे बदलता येतात. वाक्याचे सांधे बदलणे अवघड. आपल्याकडेही हाच अनुभव आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचा भर कारभारातल्या नामांवर होता. सावरकरांनी दिलेले 'महापौर', 'दिनांक' हे शब्द मराठीने आनंदाने घेतले, आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवे. पण तेही नामेच.

तुर्कीत 'कि'बरोबर 'दिये' हाही शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ 'म्हणून', अगदी शब्दशः 'म्हणत'. आता परभणीच्या मोंढ्यात या. 'उद्या भाव वाढतो म्हणून ऐकलंय,' असे तिथे आडत्या सांगतो. शेजारी उभा असलेला दखनी बोलणारा हमाल हीच रचना 'बोलके' वापरून करतो. कन्नडमध्ये 'अंत', तेलुगूत 'अनि', आणि संस्कृतात 'इति' हे याच जातीचे काम करतात. ज्या रचनेला आम्ही 'बोलीभाषा' म्हणून खोडतो, तिच्या मागे दक्षिणेचा अर्धा भूगोल आणि पाणिनीची 'इति' उभी आहे. जिल्ह्यात १९४८पर्यंत निजामाची राजवट होती, कचेरीत उर्दू होती, बाजारात मराठी, दखनी, तेलुगू एकमेकींना खेटून होत्या. या भूमीवरच्या मुलाला 'की' आणि 'म्हणून' हे दोन्ही सहज येतात, ही त्याची श्रीमंती आहे. तिला दुहेरी दोष ठरवण्याचे काम मात्र आम्ही, मराठीचेच अध्यापक, करीत आहोत.

यावर कुणी म्हणेल, मग काहीच खोडायचे नाही का? जरूर खोडावे. 'जसे की', 'कारण की' यांचा जो पूर हल्ली लेखनात आला आहे, तो मलाही खटकतो. 'कारण' पुरेसे असताना 'की' कशाला? पण तिथे आक्षेप शैलीचा आहे, पाल्हाळाचा आहे. 'हा शब्द इथे अनावश्यक आहे' असा शेरा विद्यार्थ्याला लिहायला शिकवतो. 'हा शब्द परका आहे' असा शेरा त्याला फक्त गप्प बसायला शिकवतो. पहिला शेरा देण्यासाठी वाक्य वाचावे लागते. दुसऱ्यासाठी तेवढेही कष्ट नाहीत.

आणि देवघेव एकतर्फी नव्हती, हेही वर्गात सांगायला हवे. दखनीतला जोर देणारा 'च' मराठीकडून गेला, हे भाषाभ्यासकांना परिचित आहे. आपला एकाक्षरी शब्द दुसऱ्याच्या तोंडी रुळला, याचा आम्हाला अभिमान वाटतो. दुसऱ्याच्या एकाक्षरी शब्दाचे वळण आपल्या 'की'ला लागले, की मात्र कमीपणा वाटतो. हे भाषाप्रेम नव्हे.

त्या उत्तरपत्रिकेवरचे वर्तुळ अखेर सहकाऱ्यांनी खोडले; गुणही बदलले. 'म्हणून'खालची रेघ मात्र तशीच राहिली. येत्या सत्रात माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला मी घरातली, शेतातली, बाजारातली 'की'ची आणि 'म्हणून'ची दहा-दहा वाक्ये लिहून आणायला सांगणार आहे. इतर महाविद्यालयांतल्या मित्रांनीही तसे करावे. लाल पेन उचलण्यापूर्वी ती वाक्ये एकदा वाचावीत, एवढेच मागणे.