पाहुणे, कोण गाव?

कॉम्प्युटर बाळगणाऱ्या माणसांत दोन पक्ष आहेत. एक ‘उडवा’ पक्ष आणि दुसरा ‘असू द्या’ पक्ष. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते आणि आपल्या घरात आपल्याला न विचारता कोण कोण मुक्कामाला आहे, याची शिरगणतीच समोर येते. आपण उघडलेले असते एक वर्तमानपत्र. आत डोकी मोजावीत तर शंभराच्या वर! उडवा पक्षाचा माणूस चष्मा पुसून एका नावावर बोट ठेवतो. “हे कोण? कधी ऐकलं नाही बुवा. उडवा!” असू द्या पक्षाचा जांभई देतो. “इतके दिवस आहे ना? मग असेल कामाचं. असू द्या.”

माझे भांडण दोघांशीही आहे. पण त्याहून मोठे भांडण ही नावे ठेवणाऱ्यांशी आहे.

नावेच बघा ना. एसव्हीसीहोस्ट. सीएसआरएसएस. एलएसएएसएस. बारशाला आत्या हजर नसली की असे व्हायचेच. वास्तविक ही मंडळी अत्यंत सज्जन. यातला एलएसएएसएस हा दारात बसून पासवर्ड तपासणारा पहारेकरी. सीएसआरएसएसला मानगूट धरून बाहेर काढाल तर सबंध घरच बसेल. पण नावे अशी, की हवालदाराने नुसती ऐकूनच आत टाकावे. त्यात एसव्हीसीहोस्ट एकटा नसतो. २०१७ पासून विंडोज १० ने, साडेतीन जीबीहून अधिक मेमरी असलेल्या मशीनवर, बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट देऊन टाकला. त्यामुळे एकाच नावाचे पन्नास-साठ इसम पंगतीत बसलेले दिसतात. बघणाऱ्याची छाती दडपते. पण ते सगळे वाढपीच असतात.

आणि चोर? चोराचे नाव नेहमी देखणे. तो एसव्हीसीहोस्टमधली दोन अक्षरे उलटसुलट करून एससीव्हीहोस्ट होतो, किंवा सरळ तेच नाव लावून दुसऱ्याच फोल्डरात बिऱ्हाड करतो. एका नावाच्या दोन फायली दोन फोल्डरांत सुखाने नांदू शकतात, याला कायद्याने बंदी नाही.

उडवा पक्षाचा पराक्रम ऐका. २००२ साली एक ईमेल जगभर फिरली. ‘तुमच्या मशीनमध्ये जेडीबीजीएमजीआर नावाची फाईल आहे, तिच्यावर अस्वलाचे चित्र आहे, तो भयंकर व्हायरस आहे, ताबडतोब काढून टाका आणि मित्रांना कळवा,’ असा तिचा आशय. लोकांनी शोधले. अस्वल सापडले! सापडणारच, ती मायक्रोसॉफ्टनेच दिलेली, जावाच्या कामाची निरुपद्रवी फाईल होती. लोकांनी आपल्याच हाताने आपल्याच घरातले अस्वल मारले आणि वर ओळखीपाळखीच्या सगळ्यांना शिकारीला बोलावले. व्हायरस लिहिण्याचे कष्टसुद्धा कुणाला पडले नाहीत. आणि हे फक्त अडाण्यांचे होते असे समजू नका. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या नामांकित अँटीव्हायरसने विंडोज एक्सपीवरच्या अस्सल एसव्हीसीहोस्टलाच चोर ठरवले. कितीतरी कचेऱ्यांतली मशीने दिवसभर उठत होती आणि पडत होती.

असू द्या पक्षानेही हसू नये. २००५ साली सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी विकत घेऊन लोकांनी मशीनमध्ये घातल्या. गाण्याबरोबर एक प्रोग्रॅम आत शिरला आणि त्याने पांघरूण ओढून घेतले. डॉलर, एसवायएस, डॉलर अशी नावाची सुरुवात असलेली कुठलीही फाईल विंडोजला दिसेनाशी झाली. मार्क रुसिनोविच यांनी ऑक्टोबरात हे उघडकीस आणले. पण लवकरच खरे चोरही त्याच पांघरुणात येऊन झोपले. २०१७ साली सीक्लीनर या झाडलोट करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच कुणीतरी घाण मिसळली. कंपनीची खरी सही, कंपनीचाच खरा दरवाजा. आणि सुमारे २२ लाख ७० हजार मशीनांत केरसुणीसकट केर गेला.

या सगळ्यावर पोट भरणारी एक जमात आहे. पेन्शनर माणसाला फोन येतो. “साहेब, कंपनीतून बोलतोय. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत. यादी उघडा. ही विचित्र नावं दिसतात ना?” दिसतात! दिसणारच! बिचाऱ्याला घाम फुटतो. मग तो गोड आवाज एक प्रोग्रॅम घ्यायला सांगतो, ज्यातून मशीनचा ताबा त्याच्याकडे जातो. गंमत अशी, की त्या घटकेला यादीत सर्वांत स्वच्छ नावाचा, रीतसर सही असलेला प्रोग्रॅम बहुधा तोच असतो. सज्जनांवर संशय घेऊन चोराला पाट मांडायचा आणि मागाहून बँकेचे पासबुक बघत बसायचे!

आमच्या खेड्यात ओट्यावर अनोळखी इसम दिसला तर म्हातारी माणसे नाव शेवटी विचारीत. आधी, “पाहुणे, कोण गाव? कुणाकडं आलात? काय काम काढलंत?” कॉम्प्युटरला हीच रीत लागू आहे. नावावर उजवे बटण दाबून फाईलचे ठिकाण उघडा. एसव्हीसीहोस्टचे गाव विंडोजमधले सिस्टिम३२. तो डाउनलोड्सच्या धर्मशाळेत उतरलेला दिसला, तर पाहुणा खोटा. मग प्रॉपर्टीजमध्ये कुणाची सही आहे ते बघा. (विंडोजच्या स्वतःच्या काही फायलींच्या सह्या वेगळ्या वहीत असतात, तिथे सही दिसली नाही म्हणून लगेच ओरडू नका.) हा आला कधी? नवा प्रिंटर जोडला त्या दिवशी, की फुकटचा व्हिडिओ-कन्व्हर्टर उतरवला त्या रात्री? तरीही शंका उरली तर व्हायरसटोटलवर फाईल टाका. तिथे एकाच वेळी कित्येक डझन तपासनीस तिचा वास घेतात. एखादाच भुंकला तर घाबरू नका, निम्मे भुंकले तर घाबरा. मात्र तिथे प्रोग्रॅम द्यावा, मृत्युपत्र देऊ नये. तिथे दिलेले इतरांच्याही हाती लागू शकते.

पण मी विचारतो, हा पंचनामा आम्ही का करायचा? चिवड्याच्या पाकिटावर शेंगदाणे आहेत हे छापावे लागते. इथे यादीत वर्णनाचा रकाना आहे, आणि त्यात एसव्हीसीहोस्टपुढे लिहिलेय काय, तर ‘विंडोज सेवांसाठी यजमान प्रक्रिया’, तेही इंग्रजीत! कुठली सेवा? कुणाची? बाकीच्यांची तऱ्हा हीच. हेल्पर, एजंट, अपडेटर. कसला रे बाबा तू हेल्पर? माझा प्रिंटर भंगारवाल्याने नेला त्याला वर्ष झाले. त्याचा हेल्पर मात्र अजून रोज सकाळी मशीन लावले की हजर होतो आणि शाई संपत आलीय म्हणून सांगतो.