दुकानातला बिलिंगचा कम्प्युटर वायफायवर ठेवू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत डेस्कटॉपचं वायफाय का तुटतं आणि ते कसं शोधायचं हे दाखवलंय. व्हिडिओत सगळं बोलता येत नाही, म्हणून इथे माझं मत सविस्तर लिहितोय. मत एका वाक्यात असं: काउंटरवरचा, म्हणजे ज्याच्यावर तुमचा गल्ला चालतो तो कम्प्युटर वायरने जोडा. वायफाय मोबाईलसाठी ठेवा, गिऱ्हाइकासाठी ठेवा, पण बिलिंगला नको.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? तर बघा. लातूरला क्लासेसच्या भागात ऑनलाइन फॉर्म भरून देणारी किती दुकानं आहेत. अख्ख्या मराठवाड्यातून पोरं तिथे नीट आणि सीईटीच्या तयारीला येतात. फॉर्मची शेवटची तारीख असते, बाप गावाकडून एसटीने आलेला असतो, फोटो-सही अपलोड होत असते आणि मधेच गोल गोल चक्र फिरायला लागतं. नांदेडला विद्यापीठाचे परीक्षा फॉर्म भरायचे दिवस आले की तीच गत. हजूर साहिबच्या आसपासच्या लॉजवर यात्रेकरू बॅगा घेऊन उभे असतात आणि ऑनलाइन बुकिंग उघडत नाही. कुणाला नांदेडहून निजामाबादला किंवा लातूरहून बिदरला ५० हजारांच्या वरचा माल पाठवायचा असतो, गाडी भरून उभी असते आणि ई-वे बिल निघत नाही. गिऱ्हाईक तुमच्या राउटरला नावं ठेवत नाही, तुमच्या दुकानाला ठेवतं. आणि पुढच्या वेळी शेजारी जातं.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? कंपनीला फोन लावतात, नाहीतर मोठा प्लॅन घेतात. माझा आक्षेप इथेच आहे. घरी नळाला पाणी कमी येतंय आणि गळती आपल्याच पाइपात आहे, तर नगरपालिकेने टाकी मोठी बांधून काय होणार? प्लॅन १०० एमबीपीएसचा असो की ३००चा, राउटर ते कम्प्युटर हा शेवटचा टप्पाच कच्चा असेल तर पैसे वाया.

आधी दोष कुठला ते ठरवा

"नेट नाही" हे वाक्य म्हणजे डॉक्टरला नुसतं "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे. नेटच्या वाटेवर तीन टप्पे आहेत. कंपनी ते राउटर, राउटर ते कम्प्युटर, आणि कम्प्युटरच्या आतलं. आधी टप्पा ओळखा, मग फोन उचला.

१. फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल तर बाहेरची लाइन गेली. रस्ता खोदलाय, कुठेतरी फायबर तुटलीय. कम्प्युटरला हात लावू नका, सरळ तक्रार नोंदवा.

२. दिवे ठीक असतील तर मोबाईलचा डेटा बंद करून तोच वायफाय जोडा आणि कम्प्युटरच्या शेजारीच उभं राहून एखादी साइट उघडा. मोबाईलवर चालतंय आणि कम्प्युटरवर नाही, म्हणजे दोष तुमच्या काउंटरवर आहे. मोबाईलवरही नाही, तर राउटर एक मिनिट बंद करून चालू करा.

३. कम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग असं इंग्रजीत टाइप करून एक जागा सोडा आणि राउटरचा पत्ता टाका. बऱ्याच राउटरचा तो १९२.१६८.१.१ असतो, तुमचा राउटरखालच्या स्टिकरवर बघा. उत्तरं सलग आणि झटपट आली तर राउटरपर्यंतची वाट चांगली आहे. मधे मधे "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तर वायफायच तुटतंय. मग तसंच ८.८.८.८ ला पिंग करा. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर अडचण पुढे कंपनीकडे आहे. दोन्हीकडून उत्तर येतं आणि तरी साइट उघडत नाही, तर कम्प्युटरच्या आत बघायचं.

या तिसऱ्या पायरीचा फोटो काढून ठेवा. कस्टमर केअरला "राउटरपर्यंत उत्तर येतंय, पुढे येत नाही" असं सांगितलं की बोलणं मुद्द्यावर येतं. नाहीतर तेच, "सर, एकदा रिस्टार्ट करून बघा."

डेस्कटॉपलाच त्रास का होतो?

कारण त्याची जागा. लॅपटॉप उचलून हलवता येतो. डेस्कटॉपचा सीपीयू काउंटरच्या खाली, भिंतीला पाठ लावून बसवलेला असतो, आणि वायफायचा अँटेना किंवा डोंगल नेमका मागच्या बाजूला. पुढे पत्र्याचा डबा, बाजूला लोखंडी रॅक, मागे भिंत. सिग्नल येणार कुठून?

त्यात बाजारपेठेची गर्दी. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना खुला आहे, त्यामुळे प्रत्येक दुकानाचा राउटर तिथेच. ब्लूटूथही तिथेच, मायक्रोवेव्हही तिथेच. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, तरी सणाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. या पट्ट्यात तर एकमेकांना धक्का न लावता चालणारे रस्ते तीनच, चॅनल १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा जास्त मोकळा आहे, पण तो भिंतीपलीकडे लवकर दम टाकतो. राउटर आणि काउंटर एकाच खोलीत असतील तर तोच निवडा.

वायफाय ठेवायचंच असेल तर चार गोष्टी करा. डोंगल मागून काढून यूएसबी एक्स्टेन्शन वायरने काउंटरवर उघड्यावर आणा. निळ्या यूएसबी पोर्टपासून लांब ठेवा, कारण त्या जलद पोर्टचा आवाज २.४ च्या पट्ट्यात घुसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट दिसत असेल, तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून टाका. आणि राउटर शटरच्या पेटीवर, पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, त्यात तो तापून हँग होणारच.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. जुन्या कम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की लाइट जाऊन आल्यावर कम्प्युटरची तारीख काही वर्षं मागे जाते. मग जीएसटीचं पोर्टल, बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडतच नाही. माणूस वायफायला शिव्या देतो आणि दोष असतो त्या छोट्याशा सेलचा. कोपऱ्यातली तारीख आधी बघत जा.

मग वायर का?

कारण वरच्या यादीतल्या निम्म्या भानगडी वायर लावली की उरतच नाहीत. शेजाऱ्याचा राउटर, लोखंडी रॅक, चॅनल, डोंगल, काही नाही. कॅट-६ केबल मीटरवर मिळते आणि १०० मीटरपर्यंत चालते. आपल्या गाळ्याला दहा-पंधरा मीटर खूप झाली. हा खर्च एकदाच होतो. मोठ्या प्लॅनचा फरक मात्र दर महिन्याला भरावा लागतो. हिशोब तुम्हीच करा.

लोक दोन अडचणी सांगतात. पहिली, वायर दिसायला घाण दिसते. केसिंग पट्टीतून घ्या, फर्निचरच्या रंगाची पट्टी मिळते. दुसरी, गाळा भाड्याचा आहे, मालक भोक पाडू देत नाही. ही अडचण खरी आहे. पण केसिंग पट्टी दुहेरी टेपनेही चिकटते, आणि राउटरच काउंटरजवळ आणता आला तर दोन मीटरची वायर पुरते. केबल लाइटच्या वायरला चिकटवून नेऊ नका, आणि टोकं बसवणाऱ्याकडून टेस्टर लावून तपासून घ्या. पैसे त्यानंतर द्या.

वायर लावली म्हणजे सगळं झालं असं नाही. लाइट गेली तर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद पडतात, म्हणून ते इन्व्हर्टरवर घ्या किंवा राउटरचा छोटा यूपीएस बसवा. आणि बाहेरची लाइनच तुटली तर मोबाईल चार्जिंगच्या डेटा केबलने कम्प्युटरला लावून यूएसबी टेथरिंग चालू करा. डेस्कटॉपला वायफाय नसलं तरी हे चालतं. हे शेवटच्या तारखेच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका, आजच करून बघा. जीएसटीआर-३बी उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी लागते, निल असेल तरी २० रुपये. तिथे "नेट नव्हतं" हे कारण चालत नाही.

मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतो, छोट्या धंद्याला इंजिनीअर परवडत नाही, म्हणून मालकाला थोडंफार मिस्त्रीकाम आलंच पाहिजे. कुलूप अडकलं तर आपण तेल घालतो, तराजू हलला तर काटा बघतो. मग नेट गेल्यावर हात बांधून का बसायचं? दुकान काढायच्या यादीत रॅक, बोर्ड, उद्घाटनाचा हार असतो. त्याच यादीत "काउंटरपर्यंत एक केबल" लिहा. फर्निचर बसण्याआधी लिहा, नंतर महाग पडतं.

वरच्या तीन पायऱ्या कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुम्ही दुकानात नसाल तेव्हा काउंटरवरच्या पोराला त्या कामाला येतील. आणि तुमच्या दुकानात दोष कुठल्या टप्प्यावर निघाला ते कमेंटमध्ये नक्की सांगा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.