आजारी आईला आजारी असू द्यावे

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या आईला आप्तेष्टांकडून मिळणारा उपदेश बहुधा ठरावीक असतो: मुलांकडे पाहून धीर धर, त्यांना काही कळू देऊ नकोस, तू खंबीर राहिलीस की निम्मा आजार बरा झालाच. या उपदेशामागे माया असते, यात वाद नाही. परंतु त्यामागील समजुती तपासून पाहता टिकत नाहीत आणि त्यांच्यापायी रुग्णाचे प्रत्यक्ष नुकसान होते.

खंबीरपणाने आयुष्य वाढते, हा पूर्वपक्षाचा मुख्य दावा आहे. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात स्तनाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्या 578 स्त्रियांच्या मनःस्थितीची नोंद करून त्यांचा पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा लढाऊ वृत्तीचा जगण्या-मरण्यावर परिणाम दिसून आला नाही. तीव्र हताशा असलेल्या स्त्रियांमध्ये मात्र आजार उलटण्याचे वा मृत्यूचे प्रमाण काहीसे अधिक आढळले, याकडे पूर्वपक्ष बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे; पण हताशेवर मानसोपचार आहेत, आणि ती उपदेशाने जात नाही, उलट लपवली जाते. आजाराचा पुढचा मार्ग ठरतो तो गाठीच्या आकारावर, काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत तो पोचला आहे की नाही यावर, पेशींच्या प्रकारावर आणि उपचार वेळेवर पूर्ण होण्यावर. हे सारे सोडून मनोबलाला श्रेय दिले की आजार उलटल्यास दोषही त्या स्त्रीच्याच माथी येतो. इतका क्रूर हिशेब कोणत्याही आईच्या वाट्याला येऊ नये.

याहून गंभीर बाब अशी की, ज्या सोशिकतेचे कौतुक होते तीच या आजारात घातक ठरते. स्तनातील गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही; म्हणून मुलांची परीक्षा, सासूबाईंचे आजारपण, घरचे लग्न अशा कारणांनी ती महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या दीर्घ चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली, तेव्हा पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. वेळेवर तपासणीला जाणे एवढ्याच गोष्टीचे हे मोल आहे.

उपचार सुरू झाल्यावरही हाच धोका कायम राहतो. केमोथेरपी, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणारी औषधे, सलाईनवाटे दिली जाते, आणि कर्करोगाच्या पेशींबरोबरच केसांची मुळे, तोंडातील अस्तर व अस्थिमज्जा यांनाही तिचा फटका बसतो. अनेक औषधांच्या बाबतीत डोस दिल्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या दिवसांत 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आल्यास तो साधा ताप मानता येत नाही. काही तासांत संसर्ग रक्तात पसरू शकतो आणि शिरेवाटे प्रतिजैविके तातडीने द्यावी लागतात. अशा वेळी पोळ्या लाटून, डबे भरून, मग क्रोसिन घेऊन पडून राहणारी आई खंबीर नसते, ती जिवावरच्या संकटात असते.

मुलांपासून आजार लपवावा, हे मतही तपासावयास हवे. फणीत गुंतलेले केसांचे पुंजके, बंद दाराआडची कुजबुज आणि आजोळी झालेली अचानक पाठवणी लहान मुलाच्याही नजरेतून सुटत नाही; खरे कारण न सांगितल्यास ते आपले कारण शोधते, आणि पुष्कळदा आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, असे त्याला वाटते. वयानुरूप मोजक्या शब्दांत आजाराचे नाव, उपचार आणि घरात होणारे बदल सांगावेत. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, आणि यंत्राद्वारे बाहेरून दिलेल्या किरणोपचारानंतर आईच्या शरीरात किरणे उरत नाहीत, म्हणून तिला बिलगायला हरकत नाही, हेही सांगावे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी येऊन दादरच्या धर्मशाळेत राहणाऱ्या आणि मुलांना गावी आजीकडे ठेवून आलेल्या आईच्या बाबतीत तर फोनवरचे खरे बोलणे हाच मुलांना मिळणारा आधार असतो.

उपचार संपले म्हणजे बाई पूर्ववत झाली, असे घर मानते; तेही खरे नव्हे. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूचा हात वर्षांनंतरही सुजू शकतो, थकवा महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया व केमोचा खर्च भागू शकतो. पाणी भरणारे, मुलाला शाळेत पोचवणारे हात मात्र घरातूनच आले पाहिजेत, आणि ते पुरुषांचेही असले पाहिजेत.

म्हणून नवऱ्यांना, दिरांना, सासवांना आणि शेजाऱ्यांना विनंती आहे की धीराचे बोल बाजूला ठेवून त्यांनी स्वयंपाकघर हाती घ्यावे, रुग्णालयाचा तातडीचा नंबर भिंतीवर लावावा, थर्मामीटर जवळ ठेवावा आणि ताप चढला तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.