रक्तातील वारसा आणि पेटंटचे कुंपण

भांडवलशाहीने आधी गायराने कुंपणात घातली, मग खाणी आणि नद्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिने मनुष्यदेहातील जनुकावर हक्क सांगितला, आणि तोही आई-बापाकडून लेकीकडे आजाराचा धोका जिथून उतरतो नेमक्या त्या जागी. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचा इतिहास कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावा असा आहे.

पेशीतील डीएनएचा धागा वरचेवर तुटत असतो. तो बिनचूक सांधण्यासाठी या जनुकांपासून तयार होणारी प्रथिने लागतात. जन्मतःच एक प्रत सदोष मिळाली आणि पुढे एखाद्या पेशीतील दुसरीही निकामी झाली, की मोडतोड साचत जाते आणि कर्करोगाला वाट मिळते. असा वारसा लाभलेल्या १० स्त्रियांपैकी सुमारे ७ जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. एरवी अमेरिकेत हे प्रमाण ८ जणींत एक असे आहे. वारसा वेळीच कळला तर नियमित तपासणी वा प्रतिबंधक शस्त्रक्रिया यांचा विचार करता येतो. तेव्हा ही चाचणी म्हणजे श्रीमंतांची चैन नव्हे.

पहिल्या जनुकाचे स्थान १७व्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली बर्कलीच्या सार्वजनिक विद्यापीठात दाखवून दिले. १९९४ साली मिरियड जेनेटिक्स या कंपनीने ते वेगळे काढले. त्या कामातही यूटा विद्यापीठाचे व सरकारी आरोग्यसंस्थेचे शास्त्रज्ञ होते. रान साफ झाले करदात्याच्या पैशाने, पीक मात्र गेले कंपनीच्या कोठारात! चाचणीची किंमत ३,००० डॉलरांवर गेली. इतर प्रयोगशाळांना नोटिसा गेल्या. कंपनीच्या पद्धतीतून जनुकातील मोठा दोष निसटू शकतो, हे २००१ साली पॅरिसच्या क्यूरी संस्थेने दाखवले. पण अमेरिकन स्त्रीला दुसरे दार ठोठावण्याची सोय नव्हती.

भांडवल गुंतवणाऱ्याला मोबदला नको काय, असे विचारणारे अर्थपंडित आपल्याकडेही आहेत. चाचणीच्या श्रमाचा मोबदला जरूर घ्यावा. वाद जनुकाच्या मालकीचा आहे. शरीराबाहेर काढलेले जनुक ही नवी वस्तू होय, असा कंपनीचा युक्तिवाद. (मग विहिरीतून शेंदलेले पाणी हाही शेंदणाऱ्याचा शोधच म्हणायचा!) १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दावा एकमताने फेटाळला, आणि त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी स्वस्त चाचण्या जाहीर केल्या. मक्तेदारीची किंमत किती होती, ते एका दिवसात उघडे पडले.

पराभूत पक्ष मात्र स्वस्थ बसलेला नाही. २०२३ साली अमेरिकन सिनेटमध्ये आलेल्या विधेयकात शरीरात जसेच्या तसे असलेले जनुक तेवढे पेटंटमधून वगळले होते. ‘वेगळे काढलेले’ नव्हे. तोच चोरदरवाजा! आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाच्या शोधाला पेटंट नाकारते. याच कलमातील औषधांविषयीच्या तरतुदीवर अमेरिकेचा व्यापार-प्रतिनिधी आपल्या वार्षिक अहवालांत सातत्याने बोट ठेवत आला आहे. या कलमाला हात लावणारा कोणताही व्यापारकरार संसदेत उघड चर्चेवाचून होऊ नये, ही मागणी समाजवाद्यांनी आजच लावून धरली पाहिजे.